बर्फात पुरलेले रेडिओ

भांडी राहू द्या घटकाभर, ऐका.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "ताई, पोरीला लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला घातलं. आन आता म्हणती न्यूट्रिनो शोधायचाय. काय असतंय ते?" मी बी.ए. झालेली, मला कुठलं ठाऊक? पोरीलाच फोन लावला, स्पीकरवर.

न्यूट्रिनो म्हणजे अणूहूनही कितीतरी बारीक कण. नखाएवढ्या जागेतून सूर्याचे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आरपार जातात, आपल्याला पत्ताही नसतो. पण काही फार लांबून, अफाट ऊर्जा घेऊन येतात. त्यांना वीजभार नसतो, म्हणून ते वाटेत कुठं वळत नाहीत. सापडले तर कुठून आले ते कळतं. पण ते इतके विरळ, की पकडायला शिवारंच्या शिवारं लागतात. म्हणून ध्रुवाकडचा बर्फ.

गुर्गेन अस्कारियन या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९६२ साली मांडलं, की असा कण घट्ट पदार्थात आदळला की कणांचा फवारा उडतो आणि रेडिओ लहरींचा एक झटका निघतो. बर्फात उजेड शंभर-दोनशे मीटरात विरतो, पण रेडिओ लहर किलोमीटरभर जाते. म्हणजे थोड्या अँटेनांत मोठी राखण होते. ग्रीनलंडमध्ये २०२१ पासून शंभर मीटर खोल भोकं पाडून अँटेना सोडतायत. अंटार्क्टिकावर तर २००६ ते २०१६ या काळात चार वेळा अँटेना बांधलेला फुगा उडवला. नाव काय, तर अनिता! बायका हसल्या.

"मग घावला का?" बर्फातल्या रेडिओला अजून एकही पक्का घावलेला नाही.

"मग पगार कोन देतं?" प्रश्न रास्त होता, कारण क्लासच्या फीसाठी गटानं चाळीस हजार कर्ज दिलंय. एकजण बोललीच, "आपण डॉक्टरसाठी दिलं होतं." मी वही उघडली. कारण लिहिलं होतं, 'शिक्षण'. माझ्या मते तेवढं पुरे. हप्ता चुकला तरच गटानं बोलावं.

पोरगी म्हणाली, हे काम आपल्याकडंही झालंय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांबरोबर १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो टिपले. आणि नारायणगावजवळ खोडदला त्याच संस्थेची मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्यांची. ती न्यूट्रिनोसाठी नाही, आकाशातल्या रेडिओ लहरींसाठी. पण तिथं इंजिनिअर, तंत्रज्ञ पगारावर काम करतात, हे ऐकून मावशी जरा सैल झाल्या.

ठरलं असं, की पोरगी डॉक्टरकीची परीक्षा देईल आणि बी.एस्सी.चा अर्जही भरेल. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला प्रदर्शन असतं. मायलेकी जाणार आहेत. मावशींनी मला एवढंच विचारलं, नारायणगावचा टमाट्याचा बाजार त्याच वाटंवर हाय का.