मालाच्या ट्रेलरमध्ये मुक्काम

अमेरिकेत सामान वाहायचा बंद ट्रेलर, बहुधा 6 फूट रुंद नि 12 फूट लांब, विकत घेऊन हौशी मंडळी त्याचं फिरतं घर करतात. पलंग, ओटा ही कामं सोपी. खरी कसोटी ओलाव्याची! रात्रभर आत झोपलेल्या दोघांच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर दवासारखी साचते, गादीखाली बुरशी धरते. म्हणून पत्र्याला आधी फोमच्या पाट्या, वर प्लायवूड. छतात 14 इंची चौकोनी झरोका कापून पंखा. थंडीतही खिडकी किलकिली हवीच. मला तरी सजावटीहून ही खेळती हवा मोलाची वाटते. आणि वजन? ट्रेलरच्या एकूण भाराचा 10 ते 15 टक्के हिस्सा ओढणाऱ्या गाडीच्या जोडावर यावा. मागे भार वाढला, की ट्रेलर वेगात झोकांड्या खातो.