तबेल्यातील जमीन



प्रवासाने थकलेले घोडे येथे बदलले जात म्हणून हे बदलापूर, अशी जी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो, ती इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, थकल्या जनावराचा विसावा तिने गावाच्या नावातच दाखल केला आहे, हे मला मोलाचे वाटते. 'तबेला' हा शब्दही मूळचा घोड्यांचाच. मुंबईच्या दूधधंद्याने तो म्हशींकडे वर्ग केला, पण पागेतली निगराणी त्याच्याबरोबर आली नाही.

ज्या 1949 साली कल्याणच्या लष्करी छावणीतील सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले, त्याच साली, मुंबईच्या कोंदट तबेल्यांतील म्हशी मोकळ्या जागी न्याव्यात या हेतूने, दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने गोरेगावाजवळ आरे दुग्धवसाहतीचा आरंभ झाला. आज तबेल्यांची तीच दाटी उल्हासनगर-अंबरनाथच्या वेशीशी येऊन ठेपली आहे.

आषाढातील एका पहाटे बदलापुराजवळच्या एका तबेल्यात मी उभा होतो. शेणामुताने निसरड्या झालेल्या फरशीवर एक मुऱ्हा म्हैस बसू पाहत होती. पुढचे गुडघे टेकले की मागचे खूर घसरत आणि दावे इतके आखूड की मान पुढे टाकून तोल सावरण्याची सोय नाही. तीनदा प्रयत्न करून ती उभीच राहिली. गुडघ्यांवरचे केस झडून तेथे घट्टे पडले होते.

दुभते जनावर दिवसाचे दहा-बारा तास बसून काढू इच्छिते, रवंथ बव्हंशी बसूनच करते, आणि ते बसले असता कासेकडील रक्तप्रवाह वाढतो. म्हणजे त्याचे बसणे हा आळस नव्हे, दूध घडण्याचाच तो काळ होय. मोठ्या म्हशीस छपराखाली सुमारे चार चौरस मीटर आणि उघड्यावर त्याच्या दुप्पट जागा असावी, असा शास्त्राचा दंडक आहे. तिची कातडी काळी आणि घर्मग्रंथी विरळ, त्यामुळे उन्हाळ्यात डुंबायला पाणी नसेल तर अंगावर तरी ते पडलेच पाहिजे.

जागा वाढविणे भाड्याच्या तबेल्यात कठीण, हे मला मान्य आहे. जमीन सुधारणे मात्र कठीण नाही. गुळगुळीत फरशीस टाकी लावून ती खरखरीत करावी, मोरीकडे बेताचा उतार ठेवावा, दावे हातभर सैल करावे, आणि मुरबाडकडच्या गिरण्यांतून मिळणारे भाताचे तूस कोरडे अंथरून ओले झाले की रोज बदलावे. एक पथ्य तेवढे पाळावे: धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा तास तरी पुरते मिटत नाही, तेवढ्यात जनावर घाणीत बसले तर कासदाहास वाट मिळते, म्हणून धार संपताच गव्हाणीत ताजी वैरण टाकावी, ती खाण्यात जनावर आपसूक उभे राहते, आणि खाऊन झाल्यावर खाली तूस कोरडे असेल तर बसते.