व्यवहारातून भाषा

तंजावरच्या मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी राखली आणि बाजारात तमिळ आत्मसात केली. त्यांचा गुरू व्याकरण नव्हे, व्यवहार होता. हेच तत्त्व एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत इंग्रजीसाठी योजिले. नियम पाठ न करविता नकाशा वा रेल्वेचे वेळापत्रक देऊन विद्यार्थ्यांकडून प्रश्न सोडवून घेतले. लक्ष अर्थावर राहिले की भाषेची घडण नकळत मनात रुजते, असे त्यांचे प्रतिपादन होते. लिपी मात्र अशी नकळत येत नाही. सरस्वती महालातील मोडी कागद वाचणारे आज तंजावरातही विरळ आहेत. म्हणून शिक्षकाने नवशिक्यास प्रथम बोलते करावे, परंतु अक्षरओळखीची जबाबदारी व्यवहारावर सोपवू नये.