रोमच्या सैन्यातील परके

रानटी टोळ्यांनी रोम बुडविले, असे आपण घोकत आलो. पण त्या टोळ्यांतले हजारो लोक रोमच्याच पगारावर रोमसाठी लढत होते, हे ध्यानात घ्या. चौथ्या शतकात रोमन प्रजेलाच शिपाईगिरी नकोशी झाली होती. भरती टाळण्यासाठी तरुण अंगठा तोडून घेत! अखेर ३८१ साली सम्राट थिओडोसियसने फर्माविले की, असे दोन थोटे एका धडधाकटाच्या जागी द्यावेत. मग गॉथ, फ्रँक अशांवाचून सैन्य भरणार कसे?

स्टिलिकोचा बाप व्हँडाल, आई रोमन. हा पश्चिम साम्राज्याचा सरसेनापती झाला. त्याला परका म्हणणे मला तरी जड जाते. ४०२ साली गॉथांचा राजा अलारिक इटलीवर चालून आला, तेव्हा त्याला यानेच मागे रेटले. तरी दरबारात कुजबुज होतीच, हा आतून फितूर आहे. ४०८ साली सम्राट होनोरियसच्या हुकुमाने रावेन्ना येथे त्याचा वध झाला. तेवढ्यावर भागले नाही. रोमन शिपायांनी शहरोशहरी परक्या सैनिकांच्या बायकामुलांची कत्तल केली.

इतिहासकार झोसिमस सांगतो, तीस हजारांहून अधिक सैनिक अलारिकला जाऊन मिळाले. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलारिक रोममध्ये शिरला.