माती वाचायची पुस्तकं
(सिहोरा इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल, मॅट्रिक. उत्खनन शिकायला कोणती पुस्तकं घ्यावी, हे तुम्ही मला काहून विचारता, असं एखाद्या पंडिताला वाटेल. वाटू द्या. कुदळ-घमेलं आपल्या हातात असतं, वही दुसऱ्याच्या. आपल्याला ती वही पाहिजे.

जहाजाच्या पोटात जे पोतं आधी उतरतं ते तळाशी. मातीचंही तेच, खालचा थर आधीचा. पण मधेच कुणी खड्डा खणला की कालचं खापर हजार वर्षांपूर्वीच्या थरात जाऊन बसतं. ही लबाडी पकडायला शिकवतं तेच पुस्तक घ्या. दुकानात उघडून बघा. थरांचा उभा छेद काढलाय का? थरांना नंबर, बाजूला मोजपट्टी? नुसती मूर्ती-नाण्यांची चकचकीत चित्रं असतील तर ठेवून द्या. ते दिवाणखान्याचं पुस्तक.

आधी मॉर्टिमर व्हीलर, 'आर्किऑलॉजी फ्रॉम द अर्थ', १९५४. हा १९४४ ते १९४८ भारताच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख. पलटणीतला गडी, साहेबी तोरा आहेच. पण चौकोन पाडून मधे मातीचे पट्टे उभे कसे ठेवायचे, थर कसे ओळखायचे, हे रोखठोक सांगतो. मग फिलिप बार्कर, १९७७. तो म्हणतो पट्टे कशाला, सगळं अंगणच उघडा. दोघांचं भांडण वाचा, मगच डोकं चालतं.

आणि पवनी! आपल्याच जिल्ह्यातली, वैनगंगेकाठची. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं जगन्नाथ टेकडी खणली, बौद्ध स्तूप निघाला. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल १९७२ चा. इंग्रजीत आहे. पाच जण मिळून डिक्शनरी घेऊन बसा. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत, दोन हजार वर्षांनी वाचता येतात. माती उपसणाऱ्या मजुरांची नावं मात्र उत्खननांच्या अहवालात शोधून शोधून दमाल.

वाचलं म्हणून टेकडीवर कुदळ घेऊन धावू नका. मोडलेला थर परत बसत नाही. शिवाय परवाना लागतो, आणि पुरलेलं धन दहा रुपयांवर किमतीचं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, कायदा १८७८ चा. त्यापेक्षा विहिरीचं, कालव्याचं काम चालू असेल तिथं जा. कापलेली कड बघा. रंग बदलतो तिथं टेप लावा, वहीत रेघ मारा. खाली तारीख टाका, आपलं नाव लिहा, खणणाऱ्याचंही लिहा.