मामाची मेंढरं, माझं ॲप आणि तीन आठवड्यांची बंदी

मागच्या भागानंतर एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो म्हणतो, "दादा, घरी चाळीस शेळ्या आहेत. सरकारी डॉक्टर, हेल्पलाइन, मोबाईलवर येणारे सल्ले, यांच्यावर भरवसा ठेवायचा का? गावातले म्हणतात, हे लोक ऑफिसात बसून सांगतात." आजचा भाग त्याच्यासाठी.

आधी एक कबुली. ते सल्ल्याचे मेसेज पाठवणाऱ्या एका ॲपवर मी दोन वर्षं काम केलंय. म्हणजे ऑफिसात बसून सांगणाऱ्यांपैकी एक मीच.

माझा मामा जत तालुक्यातला. माडग्याळ मेंढरं आहेत त्याच्याकडे. उन्हाळ्यात गावाकडे चारा नसतो, म्हणून वाडा घेऊन कृष्णाकाठी येतो आणि लोकांच्या रानात मेंढरं बसवतो. एका मे महिन्यात अवकाळीचा इशारा आला. आमच्या ॲपवरून मेसेज गेला: "जनावरे गोठ्यात बांधावीत." रात्री मामाचा फोन. "आरं, तुझा मेसेज आलाय. कंच्या गोठ्यात बांधू, सांग की!"

मी गप्प. कारण नोंदणीच्या फॉर्ममध्ये 'गोठ्याचा प्रकार' म्हणून दोनच पर्याय होते, पक्का आणि कच्चा. ते मीच टाकले होते. मेंढरं उघड्या रानात बसतात हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण फॉर्म बनवताना डोक्यातच आलं नाही.

त्या रात्री मामाने स्वतःच्या अक्कलहुशारीने मेंढरं उंचवट्यावर हलवली. एकही दगावलं नाही. पण खरी गोष्ट पुढे आहे. ती शेवटी सांगतो.

आता थोडं लांब जाऊया, इंग्लंडमध्ये. वायव्येला कंब्रिया नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या मेंढ्या पाळतात. डोंगरावर कुंपण नसतं. कुठला कळप कुठल्या उतारावर चरायचा हे मेंढ्यांनाच माहीत असतं, आई कोकराला शिकवते.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मेच्या सुरुवातीला किरणोत्सर्गी ढग ब्रिटनवर आला आणि कंब्रियाच्या डोंगरांवर जोरदार पाऊस पडला. पावसाबरोबर सीझियम खाली आलं, गवतावर बसलं, मेंढ्यांच्या पोटात गेलं. सरकार आधी म्हणालं, काळजीचं कारण नाही. मग २० जूनला त्या भागातल्या मेंढ्या हलवायला आणि कापायला बंदी घातली. किती दिवस? तीन आठवडे.

तीन आठवडे हा आकडा हवेतून आला नव्हता. मेंढीच्या शरीरातलं सीझियम काही आठवड्यांत बरंचसं बाहेर पडतं, हे शास्त्र बरोबर आहे. आणि जमिनीत गेलेलं सीझियम चिकणमातीला घट्ट चिकटतं, मुळांना परत मिळत नाही, हेही बरोबर. फक्त ते सखल भागातल्या चिकणमातीबद्दल बरोबर. डोंगरावरची जमीन आम्लधर्मी, कुजक्या वनस्पतींची, चिकणमाती फार कमी. तिथे सीझियम मोकळंच राहिलं. गवतात आलं, मेंढीत गेलं, लेंड्यांतून परत जमिनीत. चक्र चालूच.

आपल्या भाषेत सांगायचं तर, "माझ्या लॅपटॉपवर चालतंय की!" कोडमध्ये चूक नव्हती, पण तो दुसऱ्याच मशीनवर तपासला होता.

जुलैत तीन आठवड्यांची बंदी बेमुदत झाली. ब्रिटनभरात ९ हजारांहून जास्त फार्म आणि ४० लाखांहून अधिक मेंढ्या या बंधनांत आल्या. हळूहळू फार्म मोकळे होत गेले, पण कंब्रिया आणि वेल्समधल्या शेवटच्या फार्मांवरची बंधनं उठली जून २०१२ मध्ये. तीन आठवड्यांची सव्वीस वर्षं झाली.

या शेतकऱ्यांशी बोलून ब्रायन विन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने बरंच लिहिलंय. त्यात मला जास्त लागलं ते चुकीच्या आकड्यापेक्षा दुसरंच. सल्लागार सांगत होते, मेंढ्या खालच्या दरीतल्या गवतावर ठेवा, तिथे सीझियम कमी आहे. शेतकरी म्हणत होते, ते गवत थोडंसं आहे, आत्ता संपवलं तर हिवाळ्यात काय घालू? शास्त्रज्ञांनी कुंपणात मेंढ्या कोंडून जमिनीवर खनिज टाकायचा प्रयोग केला. शेतकरी म्हणाले, मोकळ्या डोंगरावरची मेंढी कोंडली की खंगते, तुमचा निकाल खरा येणार नाही. कुणी लिहून घेतलं नाही. पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला.

वर शेजारीच सेलाफिल्डचा अणुप्रकल्प. १९५७ मध्ये तिथे मोठी आग लागली होती. शेतकरी विचारत होते, यातलं काही त्या आगीचं नाही ना? उत्तर ठामपणे 'नाही' असं मिळालं. नंतर मान्य झालं की जमिनीतलं बरंच सीझियम चेर्नोबिलच्या आधीचं होतं, अणुचाचण्यांचं आणि त्या आगीचंही. मग लोकांचा बाकीच्या गोष्टींवरचा विश्वासही उडाला.

पण दुसरी बाजूही ऐका. सीझियम डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही. मटणात प्रति किलो हजार बेक्वेरेलच्या वर आहे की खाली, हे कुठल्याही अनुभवी मेंढपाळाला नुसतं बघून कळणार नाही. त्यासाठी यंत्र घेऊन येणारा सरकारी माणूसच लागला. तो प्रत्येक मेंढी तपासायचा, प्रमाण जास्त असलेलीला रंग लावायचा, बाकीच्या विकायला मोकळ्या. ही पद्धत वर्षानुवर्षं चालली, आणि तिच्यामुळेच लोक ते मटण निर्धास्त खाऊ शकले.

म्हणून 'भरवसा ठेवायचा का' याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे रोगाचं निदान, लस, औषधाचा डोस, पाण्याची तपासणी, तिथे डॉक्टरांचं ऐका. कुठे चारायचं, कधी हलायचं, कुठलं रान चिबड होतं, हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. आणि सल्ला मिळाला की तीन गोष्टी विचारा. हे कुठल्या भागात, कुठल्या जनावरांवर तपासलंय? चुकलं तर आपल्याला कधी कळेल? आणि मी सांगतोय ते तुम्ही लिहून घेणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो वही काढतो, त्याला धरून ठेवा. "मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणणारा तर अजिबात सोडू नका.

आता मामाची राहिलेली गोष्ट. त्या गोठ्याच्या मेसेजनंतर महिनाभरात आमच्याच ॲपवरून दुसरा मेसेज गेला: पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, लस सरकारी दवाखान्यात मिळत होती. मामाने मेसेज उघडलाच नाही. म्हणाला, "त्यांला काय कळतंय?" जुलैत कोवळा चारा आला आणि अकरा कोकरं गेली.

मामा मला एका शब्दाने बोलला नाही. पण ती अकरा कोकरं मी माझ्या त्या दोन पर्यायांच्या खात्यात धरतो. पहिला सल्ला त्याच्यासाठी नव्हता, म्हणून दुसरा त्याच्यापर्यंत पोचला नाही.

नंतर आम्ही फॉर्ममध्ये तिसरा पर्याय टाकला: 'गोठा नाही, भटकंती.' पाच मिनिटांचं काम होतं. यंदा मामाने लस टोचून घेतली. पण ॲप बघून नाही. दवाखान्यातले डॉक्टर स्वतः वाड्यावर आले, चहा प्यायले, मेंढरं मोजली आणि सांगून गेले, म्हणून.

तर मित्रा, चाळीस शेळ्यांवाल्या, या आठवड्यात एकदा दवाखान्यात जाऊन ये. हे तीन प्रश्न विचार. काय उत्तर मिळालं त्याची व्हॉइस नोट पाठव, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवतो. चला, भेटूया!