सरकारी पट्टी आणि कोरडवाहूचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस विकला की व्यापारी पट्टी देतो. वरच्या ओळीत भाव असतो. खाली घट, हमाली, तोलाई. हातात काय पडले ते शेवटच्या ओळीत कळते. सरकारने विधानसभेत केलेल्या कामगिरीची यादी सध्या गावोगाव वाचली जाते. तीही आपण शेवटच्या ओळीपर्यंत वाचू.

मिळाले ते मिळाले म्हणायला कंजुषी नको. २०२३ च्या अर्थसंकल्पात 'नमो शेतकरी'चे वर्षाला ६ हजार आले, केंद्राचे ६ हजार धरून १२ हजार झाले. २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे महिना १,५०० रुपये सुरू झाले. ते बाईच्या स्वतःच्या खात्यात पडले, ही लहान गोष्ट नाही. त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज माफ झाली. वर्षाला १४,७६१ कोटी, ४४ लाख शेतकरी. पण ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्या पंपाला बिल. आपल्या पऱ्हाटीचे बिल तर मृग आणि आर्द्रा लावतात.

आता भावाचे बघा. २०२३ च्या खरिपात कापूस-सोयाबीन पडले, म्हणून पुढच्या वर्षी, निवडणुकीआधी, हेक्टरी ५ हजार, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले. म्हणजे पाच एकरवाल्याला १० हजार. पाच एकरांत एकरी चार क्विंटलने २० क्विंटल कापूस धरा. भाव क्विंटलमागे ५०० रुपयांनी पडला की १० हजार गेले. ५०० च्या पुढे जितका पडला, तितका तोटा तुमचा. ज्वारीवाल्याला तर त्यात छदामही नव्हता. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ आणि मालदांडीचा ३,७४९ रुपये ठरला. पण खरेदी केंद्र उघडेपर्यंत ज्वारी घरात ठेवायची ऐपत किती जणांची? आणि राज्याने एका हाताने दिलेले दिल्ली दुसऱ्या हाताने काढून घेते. १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेर. शुल्क उठले तेव्हा आपली पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती आणि वेचणी त्याच मुदतीत आली. पेरण्याआधी सांगितले असते तर काहींनी तुरीचे तास वाढवले असते.

माझे खरे भांडण विम्याशी आहे. २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा आला. बोगस अर्ज झाले, सरकारी जमिनीवरही विमे निघाले, हे खरे. पण २०२५ मध्ये चोराला धरायचे सोडून योजनाच बदलली. कापसाला पुन्हा विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत हप्ता. गारपीट, पुराचे पाणी, पेरणीच न होणे, काढणीनंतरचा पाऊस, ही संरक्षणे काढून टाकली. उरला फक्त पीक कापणी प्रयोग.

तो प्रयोग समजून घ्या. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन सरासरी काढतात आणि तिचे ७० टक्के धरतात. ते उंबरठा उत्पन्न. सरासरी एकरी चार क्विंटल असेल तर उंबरठा २ क्विंटल ८० किलो. मंडळात त्याच्या वर कापूस आला की भरपाई शून्य. २ क्विंटल १० किलो आला, तर विमा रकमेच्या चौथा हिस्सा. आणि हे सगळे मंडळाच्या सरासरीवर. एकाच मंडळात नदीकाठची भारी काळी आणि माळावरची हातभर मुरमाड जमीन असते. पावसाचा खंड वीस दिवसांचा पडला की माळ वाळतो, काळी तग धरते. प्रयोगाचा प्लॉट काळीत पडला, तर माळवाला कागदावर पिकला!

हे एवढे सहज बदलता आले, कारण ती योजना होती, कायदा नव्हता. शासननिर्णयाने आली, शासननिर्णयाने गेली. १९७७ साली याच विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा काम मागणे हा हक्क झाला. अर्थात कायदा म्हटला की तो आपलाच, असेही नाही. १९७१ च्या कायद्याने एकाधिकार खरेदी आणली आणि आपला कापूस राज्याबाहेर विकणे गुन्हा ठरवला.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाचा खर्च ८८,५७४ कोटी आणि लाभक्षेत्र ३,७१,२७७ हेक्टर सांगितले. हेक्टरी सुमारे २३ लाख ८५ हजार रुपये. पाणी येईल तेव्हा येवो. तोपर्यंत बांधबंदिस्ती आणि शेततळ्याला हेक्टरी किती, हे आपल्या आमदाराला विचारा.

भावफरकाची रक्कम कायद्यात लिहून घ्यावी, हा ठराव आज मांडतो. दुसरे काम गावातले. कापणी प्रयोग गावसमितीसमोर व्हायचा असतो. प्लॉट कोणत्या गटात आहे आणि वेचणी कधी, हे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून आधी लेखी घ्या. कापसाच्या प्रत्येक वेचणीचे वजन वेगळे लिहितात, म्हणून पहिल्या वेचणीला गेलात आणि तिसरीला नाही, असे करू नका. माळावरच्या दोघांना तरी सोबत न्या, आणि वजनाचा आकडा तिथेच वहीत उतरवून घ्या.